शाईने हत्तीची कातडी रेखाटताना

पेन्सिलीचे पुसट रेखाटन तयार आहे, कार्ट्रिज कागद पुरेसा जाड आहे आणि शाई पाण्याने न फुटणारी आहे, असे येथे गृहीत धरले आहे. ०.१, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरची तीन पेने पुरतात.

प्रकाशाची दिशा ठरवून कोपऱ्यात बाणाने नोंदवावी. बाह्यरेषा ०.३ ने ओढावी आणि उजेडाच्या बाजूला ती अधूनमधून तोडावी. पोटाखालची, कानामागची आणि पायांच्या आतल्या बाजूची सावली समांतर रेघांनी भरावी.

खरे अवघड काम सुरकुत्यांचे आहे. ‘अंगभर रेघांचे जाळे विणा, कातडी आपोआप दिसते’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. मी कित्येक वर्षे तेच करत असे आणि प्रत्येक चित्रात मला तडकलेल्या तळ्याचा तळ दिसे, कारण सगळीकडे सारखे पसरलेले जाळे अंगाची गोलाई मारून टाकते.

सुरकुती म्हणजे एक बारीक चर आहे, असे समजून हात चालवावा. या चराची प्रकाशाकडची कड अंधारात राहते आणि पलीकडची उजळते. म्हणून उजेड डावीकडून येत असेल, तर चराच्या डाव्या कडेला ०.३ ने दाट रेघ द्यावी, तिला ०.१ च्या दोन-तीन आखूड रेघा जोडाव्यात आणि उजवी कड कोरी सोडावी. कागदाची ती केसाएवढी पांढरी पट्टीच कातडीला जाडी देते. ती चुकून भरली गेली, तर सुरकुती मेलीच म्हणून समजावे.

सुरकुत्यांची दिशा अंगाच्या हालचालीवरून ठरते. सोंडेवर त्या मनगटातल्या बांगड्यांसारख्या आडव्या, गोलाई धरून येतात. सोंड वळते तेथे वळणाच्या आत दाटतात आणि बाहेर फाकतात. गुडघ्यावर कातडी सैल असल्याने घड्या एकमेकींवर ओघळतात. मात्र यांतले बारीक काम उजेड आणि गडद सावली यांच्यामधल्या पट्ट्यातच करावे. भर उजेडात चार-दोन तुटक रेघा पुरेत आणि गडद सावलीत एकही नको, याबाबत मी कोणतीही तडजोड मानत नाही.

छायाचित्रावरून काढताना एक धोका असतो. गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरच्या हत्ती कॅम्पसारख्या ठिकाणी समोर उभे राहून पाहिले की तो लगेच कळतो: हत्ती चिखलात लोळून वाळला की माती चरांमध्ये बसते आणि खोलगट भाग उंचवट्यांपेक्षा फिके दिसतात, नुकताच पाण्यातून निघालेला हत्ती मात्र काळाभोर होतो आणि त्याच्या बारीक सुरकुत्या जवळजवळ दिसेनाशा होतात. अशा छायाचित्रातील फिकट-गडद जसेच्या तसे उतरवले, तर कातडी उलटी दिसते. अंग कोरडे आणि स्वच्छ असलेले, तिरप्या उजेडातले छायाचित्रच निवडावे.

आशियाई हत्तीच्या कानांवर आणि सोंडेवर गुलाबी डाग असतात. तेथे रेघा थांबवून ०.१ चे ठिपके द्यावेत, डागाच्या कडेला दाट आणि मध्यभागी विरळ. टाळूवरचे आणि हनुवटीवरचे राठ केस शेवटी एकेका झटक्यात काढावेत.

पेन्सिल खोडण्याआधी शाई रात्रभर वाळू द्यावी आणि खोडरबर सुरकुतीच्या दिशेनेच फिरवावे.