पॅरिसहून नीसला रेल्वेने जायचंय? मग उजवीकडची खिडकी धरा

पॅरिसहून दक्षिण फ्रान्समधल्या नीसला विमान दीड तासात पोहोचतं. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीला सुमारे सहा तास लागतात. तरी रेल्वेनेच जा, कारण शेवटचा तासभर ही गाडी भूमध्य समुद्राच्या कडेकडेने धावते.

सुरुवात शेंगेन व्हिसापासून, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या व्हिसापासून. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. लंडनहून येणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो.

तारखा ठरल्या की लगेच तिकीट काढा. विमानासारखंच इथेही जागा भरतील तसा दर चढतो. युरेल पास (युरोपभर रेल्वेने फिरायचा पास) असला तरी टीजीव्हीचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावंच लागतं आणि पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्याच असतात. आरक्षण करताना वरचा मजला आणि खिडकी मागा. समुद्र उजव्या हाताला येतो. हिवाळ्यात लवकर अंधारतं, म्हणून सकाळचीच गाडी घ्या. ओस्तरलित्झ स्टेशनवरून रात्रीची गाडीही आहे, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालेली. तिच्यात हॉटेलची एक रात्र वाचते आणि किनारा सकाळच्या उन्हात दिसतो.

टीजीव्ही गार द लियों स्टेशनवरून सुटते. लंडनहून युरोस्टार गाडीने पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला उतरलात, तर आरईआर डी लोकलने गार द लियों तिथून दुसऱ्याच थांब्यावर आहे. फलाटाचा क्रमांक साधारण २० मिनिटं आधी फलकावर येतो, दारं सुटण्याच्या २ मिनिटं आधी बंद होतात. हमाल मिळेल अशी आशा नको. स्वतःला उचलून डब्यात चढवता येईल एवढीच बॅग घ्या, आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी लावा. ती सक्तीची आहे.

सां राफाएल गेलं की पुस्तक, मोबाइल बाजूला ठेवा. एस्तेरेल डोंगराचे तांबडे खडक थेट निळ्या पाण्यात उतरलेले दिसतात. जागा डावीकडे मिळाली असेल तर दाराजवळ जाऊन उभे राहा, पण हे चुकवू नका.

नीसचा किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी चालताना पाय दुखतात. वाळूत बसायचं असेल तर बॅगा हॉटेलात टाका आणि इटलीतल्या व्हेंतिमिल्याकडे जाणारी लोकल पकडा. तिला आरक्षण लागत नाही. दहा मिनिटांच्या आत व्हिलफ्रांश हे किनाऱ्यावरचं गाव येतं, आणि स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर समुद्र.