‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद कसे पक्के करावे

‘गेट’चे वीस-पंचवीस अर्थ पाठ करा, असा सल्ला अजूनही दिला जातो. त्याच्या नादी लागू नका. शब्दकोशातली ती यादी पाठ करून बोलताना कुणाला काही आठवत नाही. ‘गेट’च्या पुढे काय येते तेवढे बघायची सवय लावा.

पुढे नाम आले की मिळणे किंवा आणणे: ‘गेट अ जॉब’, ‘गेट सम मिल्क’. विशेषण आले की होणे: ‘गेट अँग्री’, ‘गेट वेट’. ठिकाण आले की पोचणे: ‘गेट होम’.

मग ‘बी’ आणि ‘गेट’ वेगळे करा. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे तिचे लग्न झालेले आहे. ‘शी गॉट मॅरिड इन मे’ म्हणजे मे महिन्यात लग्न लागले. पहिली स्थिती, दुसरा बदल.

आता खरी अडचण. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि शिकवतानाही वर्ग इथेच अडकतो. आपण सहज म्हणतो, ‘काल केस कापले’, ‘गाडी दुरुस्त केली’, ‘ब्लाउज शिवला’. केस न्हाव्याने कापलेले असतात, गाडी मेकॅनिकने दुरुस्त केलेली असते, ब्लाउज शिंप्याने शिवलेला असतो. मराठीत ते ऐकणाऱ्याला न सांगता कळते. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले की समोरच्याला वाटते, हिने आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवली. दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणा.

क्रम सोडू नका: आधी गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’ हे चूक, ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’ हे बरोबर. करणाऱ्याचे नाव घ्यायचे असेल तर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर इट’. ‘मेक’ला तो ‘टू’ लागत नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी शिकू नका, हमखास गोंधळ होतो.

हीच रचना अपघातालाही चालते. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ यात त्याने बोट कुणाकडून अडकवून घेतलेले नाही, ते दारात सापडले. तेव्हा ही रचना दिसली की दर वेळी ‘करवून घेणे’ असा अर्थ लावू नका, संदर्भ बघा. सरावासाठी आठवडाभरात दुसऱ्यांकडून करून घेतलेली कामे रोज रात्री या रचनेत लिहा: इस्त्री, झेरॉक्स, चश्म्याची काच. पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा हे दहापट उपयोगी आहे.

उगम एकदा वाचून ठेवा, कारण तो रूपांना उपयोगी पडतो. ‘गेट’ आले प्राचीन नॉर्स भाषेतल्या ‘गेता’वरून, इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर. त्याच कुळातले ‘फरगेट’ मात्र इंग्रजीत आधीपासून होते. ‘फरगॉटन’ सगळीकडे टिकले. ‘गॉटन’ अमेरिकेत रोज ऐकू येते, ब्रिटनमध्ये त्याच्या जागी ‘गॉट’ बसले. अमेरिकेतही ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली आहे. आपल्याकडची शालेय पुस्तके ब्रिटिश वळणाची आहेत, म्हणून परीक्षेत ‘गॉट’च लिहा.