बोगस खरेदीखत आणि अधिकाऱ्यांवर दावा: या चुका टाळा

खरेदीखताच्या शेवटी लिहून देणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा असतो. आत्याच्या दोन एकर जिरायतीच्या खताची नक्कल काढली, तर तिच्या नावापुढे भलत्याच बाईचा फोटो. आत्याच्या हनुवटीवर गोंदण आहे. त्या बाईची हनुवटी कोरी. आत्याने फोटोवर बोट टेकवलं आणि विचारलं, "ही कोण रे?"

आमचं रक्त उसळलं. दुय्यम निबंधक, तलाठी, मंडळ अधिकारी, सगळ्यांना कोर्टात खेचायचं ठरलं. राग खराच होता, पण त्या रागात चार महिने वाया गेले. आज ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांचे तरी जाऊ नयेत.

खत आणि फेरफार एकच समजणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. खत नोंदवतो दुय्यम निबंधक, नोंदणी अधिनियम १९०८ खाली. त्यावरून सातबाऱ्याला नाव चढतं ते फेरफाराने, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली. कार्यालयं वेगळी, वाटाही वेगळ्या. फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे. म्हणजे नुसता फेरफार रद्द झाला आणि खत तसंच राहिलं, तर जमीन सुटली असं नाही.

शिवाय 'नोंद काढा' म्हणून तलाठ्यावर दिवाणी दावा लावायला गेलात, तर संहितेचं कलम १५८ आडवं येतं. असा दावा शासनावर किंवा अधिकाऱ्यावर चालत नाही. त्यासाठी प्रांताकडे अपील करायचं. मुदत ६० दिवसांची. टळली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज. या अर्जाला बळ देतो एक साधा कागद. फेरफार प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस बजावायची असते. तिची पोच माहिती अधिकारात मागा. आम्ही मागितली. आत्याच्या नावापुढे वळणदार अक्षरात सही होती. आत्या अंगठा करते.

दुय्यम निबंधकाकडेच 'खत रद्द करा' म्हणणं

एकदा नोंदलेलं खत रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. सत्यपाल आनंद प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. तिथे मागणी नेमकी हवी. ज्याने स्वतः सही केली पण फसवून, त्याने खत रद्द करून मागायचं. ज्याच्या नावाने दुसरंच कोणी उभं राहिलं, त्याने 'हे खत बनावट आहे, माझ्यावर बंधनकारक नाही' असं जाहीर करून मागायचं. कोर्ट फीसुद्धा या फरकावर ठरते. ताबा गेला असेल तर ताबाही मागा, नाहीतर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ वर दावा अडतो. खत रद्द करून मागण्याची मुदत ३ वर्षं, आणि ती मोजतात फसवणूक कळल्यापासून. म्हणून नक्कल कधी काढली त्याची पावती जपून ठेवा.

'संगनमत केले' एवढंच लिहिणं

दावा वाचताना हे वाक्य जोरदार वाटतं, पण कोर्टात एकटं टिकत नाही. दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. समोरचा माणूस तोच आहे का आणि खत करून दिल्याचं कबूल करतो का, एवढं पाहतो. सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल नोंदणी अधिनियमाचं कलम ८६ त्याला संरक्षण देतं. त्यामुळे सद्भावना नव्हती हे आपल्यालाच दाखवावं लागतं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे फसवणुकीचा तपशील दाव्यातच द्यावा लागतो: तारीख, ओळखीसाठी घेतलेला पुरावा, ओळख पटवणारे साक्षीदार, तेच साक्षीदार आणखी कोणत्या खतांवर आहेत. हाती यातलं काही नसेल तर आधी तोतया बाई, खरेदीदार आणि साक्षीदार यांच्यावर भर द्या. जमीन परत मिळते ती त्यांच्याविरुद्धच्या हुकुमाने. अधिकाऱ्याची चूक दिसत असेल तर त्याला सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पुरावा हातात घेऊन त्याच्याकडे वळा.

कलम ८० ची नोटीस विसरणं

शासन किंवा अधिकारी प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या या कलमाप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते आणि पुढे दोन महिने थांबावं लागतं. बिहारी चौधरी प्रकरणात (१९८४) दोन महिने पुरे व्हायच्या आत लावलेला दावा टिकला नाही. शासनासाठीची नोटीस जिल्हाधिकाऱ्याकडे देता येते, अधिकाऱ्याची त्याच्या कार्यालयात. एकट्या अधिकाऱ्यावर दावा करू नका, शासनालाही पक्षकार करा. नोटिशीचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. तातडी असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन थेट जाता येतं.

पोलिसांनी 'हे दिवाणी आहे' म्हटलं की परत फिरणं

तोतयेगिरी हा नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, तरीही नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनी भारतीय दंड संहिता लागते. अधिकाऱ्यावर खटल्यासाठी शासनाच्या मंजुरीचा प्रश्न येतो. मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिल्याचं धरलं जातं.

मधल्या काळात जमीन मोकळी सोडणं

दावा चालू असताना तिसऱ्याला विक्री झाली की गुंता दुप्पट होतो. दावा दाखल झाला की लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवून घ्या, तलाठ्याकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपला गट नंबर दर महिन्याला बघत राहा. आमच्या गटावर दुसऱ्या विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खताचा सारांश, तिथेच दिसला, आणि त्या खरेदीदारालाही वेळेत प्रतिवादी करता आलं.