बीपी पडलं? आधी गुंगीचा पंप बघा: आयसीयूतल्या या चुका टाळा

रुग्ण व्हेंटिलेटरशी झगडतोय, हातपाय आपटतोय. नाडी १३०, बीपी ११०/७०. प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाचा नेहमीचा डोस जातो, रुग्ण शांत होतो आणि दोनेक मिनिटांत बीपी ७०/४०.

औषधाला दोष देण्यात अर्थ नाही. ११०/७० हा आकडाच उसना होता. शरीराने स्वतःच्या अ‍ॅड्रेनलीनच्या जोरावर रक्तवाहिन्या आवळून धरल्या होत्या. प्रोपोफॉलने ती पकड सुटते, शिरा सैलावतात आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. वर, बीपी घसरल्यावर नाडी वाढवण्याची शरीराची सवयही ते बोथट करतं. म्हणून मॉनिटरआधी रुग्णाचा हात हातात घ्या. हात गार, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त, लघवी कमी? मग डोस निम्म्याहून कमी, तोही थांबत थांबत, आणि बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलीन आधीच जोडून. मुळात तो हातपाय का आपटतोय, हेही बघा: वेदना, कमी ऑक्सिजन, नळीत अडकलेला कफ, तुंबलेली लघवी. यातल्या एकावरही गुंगी हा इलाज नाही.

केटामाइन हे गुंगीचं औषध बीपी सांभाळतं, हे बहुतेकदा खरं. पण दीर्घ शॉकमध्ये (अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची अवस्था) अ‍ॅड्रेनलीनचा साठा आटलेला असेल, तर तेही दगा देतं.

बीपी पडलं की सलाईनकडे हात आपोआप जातो. माझाही जायचा. पण वाहिन्या औषधाने सैलावल्या असतील तर बाटल्यांमागून बाटल्या फुफ्फुसांत साचतात. आधी पंपाचा वेग बघा, शेवटचा बोलस (एकदम दिलेला डोस) कधी दिला ते विचारा. रास स्कोअर (गुंगी किती खोल ते सांगणारा आकडा) उणे ४ आणि इतक्या खोल गुंगीचं कारण नसेल, तर वेग उतरवा. बऱ्याचदा पाठोपाठ नॉरअ‍ॅड्रेनलीनही उतरतं. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल किंवा मेंदूतला दाब वाढलेला असेल, तर मात्र हा प्रयोग नको.

नॉरअ‍ॅड्रेनलीनच्याच लाइनमधून बोलस ढकलू नका. नळीत थांबलेलं नॉरअ‍ॅड्रेनलीन एकदम आत जातं, बीपी उसळतं. मग नळी पुन्हा भरेपर्यंत कोसळतं.

डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाचा लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) अत्यवस्थ रुग्णात टाळलेलाच बरा. बीपी आधी चढतं, मग नाडीसकट उतरतं.

आणि ट्रान्सड्यूसर, म्हणजे धमनीतला दाब मोजणारा सेन्सर! पलंग वर केला, तो मात्र स्टँडवर हृदयाच्या पातळीखालीच राहिला. दहा सेंटिमीटरला सुमारे ७ मिमी पारा: मॉनिटर ६५ दाखवतो, खरा सरासरी दाब ५८.