आरसीसीबी सारखा पडतोय? गळती शोधायची ती अशी

आधी पडतं कोण ते बघा. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीत, एका बोटाच्या रुंदीचे खटके असतात ते एमसीबी. दोन एमसीबींएवढा रुंद आणि ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला, गळती पकडणारा खटका तो आरसीसीबी, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी पडत असेल तर भानगड ओव्हरलोडची किंवा शॉर्टची आहे. इथे बोलायचंय ते आरसीसीबीबद्दल.

करंट किती गेला हे एमसीबी बघतो; गेलेला करंट परत आला का, हे आरसीसीबी बघतो. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो. फेजमधून गेले तेवढेच न्यूट्रलमधून परत यायला हवेत. त्यातले 30 मिलिअँपिअर अर्थिंगमधून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत गेले, की खटका पडतो. 30 चा आरसीसीबी 15 च्या पुढे केव्हाही पडू शकतो, त्यात बिघाड काही नाही.

म्हणून तीन सल्ले देणाऱ्याला घरातून चहा पाजून परत पाठवा. ‘बायपास करू’: नको. ‘100 मिलिअँपिअरचा लावू’: तो आगीपासून वाचवायला ठीक, माणसाला वाचवायला 30 चाच हवा. आणि सगळ्यात वाईट, ‘गिझरचं अर्थिंग सोडवू’. सोडवलं की खटका पडायचा थांबतो खरा, कारण गळणाऱ्या करंटला जायला वाट उरत नाही. ओल्या हाताने नळ धरणारा माणूस ती वाट होतो.

आता शोध. घरातले सगळे प्लग उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं. फ्रिज, प्युरिफायर, इन्व्हर्टर, टीव्हीमागचा सेट-टॉप बॉक्स, सगळं. दिवे-पंखेही बंद.

सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. ज्याला पडेल ते सर्किट संशयित.

कुठेच पडला नाही तर वस्तू एकेक लावून चालवा. गिझरची कॉइल तडकली असेल तर गरम व्हायला लागल्यावर पाचदहा मिनिटांनी पडतो, त्यामुळे घाई करू नका. मध्यरात्री कुणी हात न लावता पडत असेल तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवणाऱ्या) हीटरवर संशय घ्या.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरा घोळ पुढे आहे: गिझर लावला की पडतो, गिझर बदलला तरी पडतो, इस्त्री लावली तरी पडतो. मग लोक गिझर बदलतात, आरसीसीबी बदलतात, आणि दोष असतो स्वयंपाकघरातल्या बोर्डात, न्यूट्रल अर्थला टेकल्याचा.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज जवळजवळ नसतं, म्हणून लोड नसताना काहीच होत नाही. कुठेही मोठा लोड लागला की न्यूट्रल थोडा वर चढतो. समजा एकच व्होल्ट चढला आणि अर्थिंगची वाट 10 ओहमची आहे. 100 मिलिअँपिअर त्या वाटेने निघून गेले. 30 ला पडणारा खटका कसा टिकेल? बरं, संशयित सर्किटचा एमसीबी खाली केला तरी दोष जात नाही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रलला हातच लावत नाही. वरची एमसीबीची युक्ती इथे फसते ती यामुळे.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण समोर उभे राहून. मेन स्विच आणि आरसीसीबी दोन्ही खाली. आरसीसीबी वरच राहिला तर न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असल्यामुळे तपासणीचं मीटर सगळ्याच सर्किटांत दोष दाखवू शकतं आणि दिवसभर भिंती फोडत बसाल. टेस्टरने खात्री झाल्यावर आरसीसीबीखालच्या न्यूट्रल लिंकमधून (सगळ्या न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतून) तारा एकेक सोडवायच्या, प्रत्येकीवर सर्किटचं नाव लिहून चिकटपट्टी. मग प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर. निदान 1 मेगाओहम हवा. एलईडी दिवे आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी काढा, नाहीतर मेगर त्यांनाच खाईल. ‘मल्टिमीटरने बघितलं, सगळं ओके’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. तार सरळ टेकली असेल तर मल्टिमीटरला कळतं. ओल धरलेलं इन्सुलेशन त्याच्या 9 व्होल्टच्या बॅटरीपुढे शहाण्यासारखं वागतं.

सर्किट सापडलं की बोर्ड उघडून बघा. लोखंडी बॉक्सचा स्क्रू न्यूट्रलच्या आवरणात घुसलेला असतो. गच्चीवरच्या नाहीतर गेटच्या दिव्यात पावसाचं पाणी शिरलेलं असतं. आणि एक खास आपल्याकडचा प्रकार: न्यूट्रल तुटला म्हणून कुणीतरी हिरव्या तारेवरच दिवा चालवलेला असतो. तो दिवा लावला की सगळाच करंट अर्थमधून जातो, खटका लगेच पडतो.

घरात दोन आरसीसीबी असतील तर जिन्याचा दिवाही तपासा. फेज खालच्या मजल्याचा, न्यूट्रल वरचा, आणि एका बटणात दोन्ही खटके पडतात. इन्व्हर्टरचंही तेच: फेज आरसीसीबीच्या खालून आणि न्यूट्रल वरच्या बाजूने घेतला असेल तर इन्व्हर्टरवरचा लोड लागताच पडणार.

मेगरमध्ये सगळ्या तारा ठीक निघाल्या तर आरसीसीबीच्या खालच्या दोन्ही तारा सोडवून तो एकटाच चढवून बघा. तरीही पडत असेल तर, आणि तरच, नवा आणा.

तारा परत घट्ट कसल्यावर ‘टी’ दाबा. खटका तत्काळ पडला पाहिजे. पुढे महिन्यातून एकदा दाबत जा. मात्र ‘टी’ने पडला म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही. ते बटण आतल्या आत रोधकातून थोडा करंट वळवतं, घरात अर्थिंगची तार नसली तरी पडतं. अर्थिंगचा ओहम वेगळा मोजून घ्या, त्याच फेरीत.