आधी मकाव, मग वेस्टफेलिया: जागतिक व्यवस्थेच्या चिनी आणि पाश्चात्त्य कल्पनांवर टिपण कसे तयार करावे

ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीत ब्रिक्स परिषद झाली आणि मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठकही तिथेच भरली. दोन्ही वेळी चीन आणि पश्चिम यांच्या जगाकडे पाहण्याच्या दृष्टीवर आपल्याकडे बरेच बोलले गेले, पण त्यातले पुष्कळसे ऐकीव होते. गोव्यातल्या एखाद्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात या विषयावर तासभर बोलायचे असेल, तर तयारी कशी करावी हे येथे सांगितले आहे.

फळ्यावर दोन रकाने आखण्याचा मोह पहिल्यांदा आवरावा. डाव्या रकान्यात १६४८ चा वेस्टफेलियाचा तह आणि समान सार्वभौम राष्ट्रे, उजव्या रकान्यात ‘तिएनश्या’, म्हणजे आभाळाखालचे सारे, आणि मध्यभागी बसलेला सम्राट, अशी मांडणी श्रोत्यांच्या लक्षात चटकन राहते, परंतु ती दोन आदर्शांची तुलना असते, दोन व्यवहारांची नव्हे. समतेची भाषा करणाऱ्या पश्चिमेनेच १४९४ साली तोर्देसिल्यासच्या तहात केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगवर (लीग हे अंतराचे जुने माप) रेघ ओढून युरोपबाहेरचे जग स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वाटून घेतले होते, आणि १८४२ साली अफूच्या युद्धानंतर ब्रिटिशांनी नानजिंगच्या तहावर चीनची सही घेताना ती समता कोणाला आठवली नव्हती. उलट आज सार्वभौमत्वाचा आग्रह चीनइतका क्वचितच कोणी धरतो. भारत आणि चीन यांनी १९५४ साली मान्य केलेल्या पंचशीलातले पहिले तत्त्व तेच आहे. म्हणून विचाराची तुलना विचाराशी आणि वर्तनाची वर्तनाशी करावी.

त्यानंतर एकच ठिकाण निवडून ते नीट पाहावे. गोवेकराला चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मकावइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही, कारण १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्याच अधिकाराखाली चालत असे. तेच पोर्तुगीज, तोच काळ, पण गोवे त्यांनी १५१० साली तलवारीने घेतले, तर मकावमध्ये १५५७ च्या सुमारास ते चीनच्या तेव्हाच्या मिंग राजवटीतल्या अधिकाऱ्यांच्या संमतीने स्थिरावले आणि पुढे कित्येक दशके दरसाल ५०० ताएल (चिनी वजन) चांदी भुईभाडे म्हणून भरत राहिले. पोर्तुगिजांच्या दप्तरात ती वसाहत त्यांच्या राजाची होती. चिनी अधिकाऱ्यांच्या लेखी ते भाडेकरू होते. दोन्ही समजुती तीन शतके शेजारी नांदल्या, कारण कोणीही त्यांचा निकाल लावायचा हट्ट धरला नाही. १८४९ साली गव्हर्नर फेरेरा दो आमाराल याने भाडे बंद केले, चिनी जकातनाका उठवला, आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला. १८८७ च्या तहाने पोर्तुगालला तिथे कायमचा ताबा आणि कारभार मिळाला. मात्र चीन आणि पोर्तुगाल यांच्या १९८७ च्या संयुक्त घोषणेत शब्द आले ते असे, की चीन मकाववरील सार्वभौमत्वाचा अंमल २० डिसेंबर १९९९ पासून पुन्हा सुरू करील. जे कधी गेलेच नव्हते ते परत मिळवण्याचा प्रश्न नव्हता, फक्त अंमल थांबला होता, हा या एका वाक्याचा रोख आहे. श्रोत्यांपुढे ते सावकाश वाचावे.

कोणताही तह किंवा निवेदन हाती घेतले की तीन प्रश्न विचारावेत: देणारा कोण, नेमके काय दिले, आणि ते परत घेता येते का. मराठी माणसाला हे प्रश्न परके नाहीत. दमणलगतच्या गावांबाबत मराठ्यांनी पोर्तुगीजांशी १७७९ साली तह केला आणि १७८३ व १७८५ मध्ये सनदा दिल्या. दादरा-नगर हवेलीच्या वादात पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात या कागदांच्या आधारे सार्वभौमत्व सांगितले, तेव्हा १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा सरंजाम, मुलखाचे स्वामित्व नव्हे. स्वामित्व पुढे ब्रिटिशांनी मानल्यामुळे आले. सरंजाम हा शब्द ज्याला कळतो, त्याला थरांनी रचलेली सत्ता कशी असते हे वेगळे शिकवावे लागत नाही. चीनच्या जुन्या दरबारी व्यवस्थेकडे जाण्याची ही आपल्या घरातली वाट आहे, आणि माझ्या मते ‘तिएनश्या’वरच्या तात्त्विक ग्रंथांपेक्षा ती जवळची आहे.

शब्द निवडताना मात्र जपावे. चिनी दरबारात इतर राज्यांकडून येणाऱ्या भेटीला ‘खंडणी’ म्हटले की जबरदस्ती डोळ्यांपुढे येते. तिथे भेट आणणाऱ्यास अनेकदा परतभेट आणि व्यापाराची मुभा मिळे, त्यामुळे ‘नजराणा’ अधिक बरा. ‘मांडलिक’ हा शब्दही सरसकट वापरू नये.

नावांचीही शहानिशा करावी. फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात मी एकदा ठासून सांगितले होते की १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत गोव्याच्या प्रश्नावर चीनने भारताविरुद्ध मत दिले. मुक्तिलढ्यात तुरुंगवास भोगलेले एक काका मागच्या खुर्चीवरून म्हणाले, “बाबा, तो चीन कुठला?” मत दिले होते ते तैपेईच्या, म्हणजे तैवानमधल्या, सरकारने, बीजिंगला ती जागा ऑक्टोबर १९७१ मध्ये मिळाली. ठरावाच्या बाजूने ७ आणि विरोधात ४ मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला, हे मी बरोबर सांगितले होते, पण सभेला ते ऐकण्यात रस उरला नव्हता.

आजच्या काळातले उदाहरण हवेच असेल तर दक्षिण चीन समुद्राचे घ्यावे. सागरी कायद्याचा करार चीनने १९९६ साली मान्य केला आणि त्याच करारानुसार फिलिपाइन्सच्या तक्रारीवर आलेला जुलै २०१६ चा लवादनिर्णय धुडकावला. अमेरिकेने करार मान्यच केलेला नाही, तरी निर्णय पाळा असे ती सांगते. यावर पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, नाहीतर बाकीचा तास वर्तमानपत्री वादात जातो.

शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवून फळ्यावर फक्त दोन तारखा लिहाव्यात: १९ डिसेंबर १९६१ आणि २० डिसेंबर १९९९. एकाच वसाहतवादी सत्तेविरुद्ध भारताने लष्करी कारवाई का केली आणि चीन इतकी वर्षे का थांबला, हे सभेनेच एकमेकांना सांगावे.