मागून खो आला की बेस सोडा: लहान मुलांच्या बेसबॉलमधला फोर्स आउट

बडोद्यात बेसबॉल शिकायला येणारी मुलं क्रिकेटची सवय घेऊन येतात: टोलवलं तरी धावायचं की नाही, ते आपण ठरवायचं. ही सवय आधी मोडा. फेअर ग्राउंडर (हद्दीच्या आत जमिनीवरून गेलेला टोला) गेला की बॅटरला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं.

फोर्स, म्हणजे बेस सोडायची सक्ती, समजावायला खो-खो जास्त उपयोगी. त्याचे नियम १९२४ साली बडोद्याच्याच जिमखान्याने छापले. इथल्या मुलांच्या तो अंगवळणी असतो. मागून खो मिळाला की बसलेल्याला जागा सोडावी लागते. इथेही तसंच. एका बेसवर एकच रनर राहू शकतो, त्यामुळे मागचा येऊ लागला की पुढच्याला निघावंच लागतं. अशा रनरला चेंडू लावायची गरज नसते. चेंडू पक्का हातात ठेवून, रनर पोचण्याआधी फील्डरने बेसला पाय लावला की आउट. फोर्स नसेल तर चेंडू धरलेला हात किंवा ग्लव्ह रनरच्या अंगाला टेकवावा लागतो, यालाच टॅग म्हणतात.

फोर्स पहिल्या बेसपासून सलग मोजा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असतील तर दोघांनाही सक्ती. पहिल्या आणि तिसऱ्यावर असतील तर तिसऱ्यावरच्याला नाही, कारण मधली साखळी तुटलेली आहे.

खरी चूक होते ती साखळी खेळ चालू असताना तुटते तेव्हा. पहिल्यावर रनर आहे, ग्राउंडर पहिल्या बेसमनकडे येतो, तो आधी स्वतःच्या बेसला पाय लावतो आणि मग दुसऱ्याकडे फेकतो. बॅटर बाद झाला, म्हणजे खो देणाराच उरला नाही. दुसऱ्या बेसवरचा फील्डर नुसता पाय लावून उभा राहिला तर रनर सेफ. म्हणून फेकतानाच 'टॅग!' असं ओरडायला शिकवा.

झेल घेतला तरी फोर्स संपतो. रनरने आपल्या मूळ बेसवर परतायचं. त्याआधी चेंडू तिथे पोचला तर अपीलवर तो आउट. दिसायला हा फोर्सच वाटतो, पण फरक गुणफलकावर पडतो. तिसरा आउट फोर्सचा असेल तर त्याच टोल्यावर होमला (बॅटर उभा राहतो त्या शेवटच्या बेसला) आलेला रन धरत नाहीत. अपीलचा असेल तर त्याआधी होम गाठलेला रन धरतात.

पहिला बेस ओलांडून सरळ पळत गेलं तर चालतं, दुसऱ्याकडे वळायचा प्रयत्न न करता लगेच परतायचं. दुसऱ्या-तिसऱ्यावर ही सूट नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीगमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट, आणि पिचरने फेकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही.